ॲलन एकबॉर्नची नाटकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकबॉर्नबद्दल काही लिहिलं की मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात. काही कॉलेजच्या नाट्यमंडळातल्या पोरांचे, काही इंग्लंडला मुलाकडे गेलेल्या काका-काकूंचे, ज्यांना तिकीट काढायच्या आधी "हे कॉमेडी आहे ना नक्की?" एवढंच विचारायचं असतं. म्हणून सगळं एका जागी टाकतोय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, उत्तरं जिथे लांबली तिथे लांबू दिलीत. बऱ्याच ठिकाणी शेवट फोडलेत, ज्यांना चालत नाही त्यांनी ४, ६, १४, १५ आणि १६ सोडून पुढे जा.

१. हा एकबॉर्न नक्की कोण? नाव ऐकलंय पण काय लिहिलंय ते माहीत नाही.

ब्रिटिश नाटककार आणि दिग्दर्शक. जन्म १२ एप्रिल १९३९, लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये. वडील लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे, आई लेखिका, दोघांचं पटलं नाही आणि आईने नंतर एका बँक मॅनेजरशी लग्न केलं (त्याच्या नाटकात बिनसलेले संसार आणि बँक मॅनेजर कुठून येतात हा प्रश्न इथेच मिटला). सतराव्या वर्षी शाळा सोडून नाटकात शिरला, स्टेज मॅनेजमेंट, लाइट, साउंड, नट, पडेल ते काम केलं. १९५७ मध्ये यॉर्कशरच्या समुद्रकाठच्या स्कारबरो गावात स्टीफन जोसेफच्या थिएटर कंपनीत आला. तिथे आपल्याला बरे रोल मिळत नाहीत अशी कुरकुर केल्यावर जोसेफने सांगितलं की मग स्वतःच लिही, त्याने लिहिलं. ते पहिलं नाटक द स्क्वेअर कॅट, १९५९, रोलंड ॲलन या टोपणनावाने. तेव्हापासून ९० च्या वर नाटकं झाली. १९७२ ते २००९ तो त्या थिएटरचा आर्टिस्टिक डायरेक्टर होता आणि जवळजवळ प्रत्येक नवीन नाटक आधी स्कारबरोला, मग जमलं तर लंडनला, असा हिशोब आयुष्यभर ठेवला. १९९७ मध्ये नाइटहूड मिळालं, म्हणजे आता सर ॲलन.

२. ही कॉमेडी आहे का ट्रॅजेडी? आई-बाबांना घेऊन जाऊ का?

घेऊन जा. कपडे काढणं, शिव्या, रक्त असलं फारसं काही नसतं. पण घरी येताना गाडीत कोणी बोलणार नाही अशी शक्यता आहे.

त्याची नाटकं रचनेला फार्ससारखी असतात, दारं, गैरसमज, चुकीच्या वेळी आत येणारी माणसं, सगळं आहे. फरक एवढाच की फार्समध्ये कोणाला लागत नाही आणि इथे लागतं. आणि लागतं ते वाईट माणसामुळे नाही, मदतीला धावणाऱ्या माणसामुळे. माझ्या मते एकबॉर्न वाचायची किल्ली हीच आहे. व्हिलन शोधू नका, सगळ्यात जास्त आनंदी आणि सगळ्यात मदत करणारा माणूस कोण ते बघा, नुकसान त्याच्याकडूनच होणार. उदाहरण चौथ्या प्रश्नात.

३. सुरुवात कुठल्या नाटकाने करू?

ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलर (१९७२). ते जमलं की नॉर्मन कॉंक्वेस्ट्समधलं टेबल मॅनर्स, मग वूमन इन माइंड. सुरुवातीची रिलेटिव्हली स्पीकिंग (१९६५ ला स्कारबरोत, १९६७ ला लंडनमध्ये, तिथूनच नाव झालं) छान आहे पण ती गोड आहे, काळी बाजू त्यात अजून यायचीय, म्हणून ती वाचून "हाच का तो?" असं होतं लोकांचं. इंटिमेट एक्स्चेंजेसने चुकूनही सुरू करू नका, कारण प्रश्न ८.

४. ॲब्सर्ड पर्सन सिंग्युलरच्या दुसऱ्या अंकात बाई जीव द्यायला बघते आणि लोक हसतात, हे कसं काय चालतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून नीट सांगतो.

तीन अंक, तीन ख्रिसमस, तीन जोडपी आणि तिघांची स्वयंपाकघरं. पार्टी बाहेर हॉलमध्ये, आपण मात्र पूर्ण वेळ आत ओट्यापाशी. एकबॉर्नने आधी हे नाटक हॉलमध्येच लिहायला घेतलं होतं, मग त्याच्या लक्षात आलं की खरी गंमत आतल्या बाजूला चाललीय, म्हणून त्याने प्रेक्षकालाच उचलून आत नेलं. बाहेर डिक आणि लॉटी पॉटर नावाचं एक अतिशय विनोदी जोडपं आहे ते आपल्याला शेवटपर्यंत दिसतच नाही, फक्त दार उघडलं की त्यांच्या जोक्सवर खिदळण्याचा आवाज येतो आणि दार लागलं की बंद.

पहिला अंक सिडनी हॉपक्रॉफ्टकडे, छोटा दुकानदार, बँक मॅनेजर रोनाल्ड आणि आर्किटेक्ट जेफ्री यांना बायकांसकट घरी बोलावलंय कारण कर्ज पाहिजे, ओळखी पाहिजेत. त्याची बायको जेन सारखी पुसत असते, टॉनिक वॉटर आणायचं राहिलं म्हणून भर पावसात रेनकोट आणि गमबूट घालून मागच्या दाराने पळते आणि परत येते तर दार आतून बंद. स्वतःच्याच पार्टीला बाहेर. इथपर्यंत सगळे मोकळेपणाने हसतात.

दुसरा अंक पुढच्या ख्रिसमसला, जेफ्रीच्या फ्लॅटमध्ये. जेफ्री बायकोला, ईव्हाला, सांगून मोकळा झालाय की तो दुसरीकडे राहायला जाणार. ईव्हा गाउनमध्ये टेबलाशी बसून चिठ्ठी लिहिते, फाडते, परत लिहिते, आणि जवळजवळ पूर्ण अंकभर एक शब्द बोलत नाही. मग ती ओव्हनमध्ये डोकं घालते. तेवढ्यात जेन आत येते, तिला वाटतं ही बिचारी पाहुणे आलेले असताना ओव्हन साफ करतेय, मग ती ईव्हाला बाजूला करून स्वतः गुडघ्यावर बसून ओव्हन घासायला लागते, आणि काय खुशीत घासते! ईव्हाच्या गोळ्या सिंकमध्ये जातात तर सिडनी समजतो सिंक तुंबलंय, तो खाली शिरून पाइप खोलतो. ती दिव्याकडे दोर घेऊन गेली की रोनाल्डला वाटतं दिव्याचं काहीतरी काम काढलंय, तो चढतो, वायरी हातात असताना कोणीतरी बटन दाबतं आणि त्याला सणसणीत शॉक. पाच माणसं तिच्या स्वयंपाकघरात, ओव्हन चकाचक, नळ दुरुस्त, पण तू बरी आहेस का हे विचारणारं कोणी नाही. शेवटी ईव्हाच ख्रिसमसचं बारा दिवसांचं गाणं म्हणायला लागते आणि एकेक जण सूर लावतो.

प्रेक्षक ईव्हावर हसत नाही, तिला न बघणाऱ्यांवर हसतो. आणि हे तेव्हाच चालतं जेव्हा ईव्हाचं काम करणारी नटी एका क्षणासाठीसुद्धा विनोदी होत नाही. तिने एक तोंड वेडंवाकडं केलं की अंक गेला. जेन आणि सिडनीने पण विनोद करायचा नाही, ओव्हन खरंच साफ करायचा. बसवणाऱ्यांनो, एवढं एक लक्षात ठेवा.

तिसऱ्या अंकात चाक उलटं फिरलंय. दुकानदार सिडनी आता बडा बिल्डर, बँक मॅनेजरचं घर गारठलेलं, त्याची बायको मॅरियन वरच्या खोलीत दारू पीत पडलेली, जेफ्रीचं काम बुडालेलं. सिडनी-जेन येताहेत म्हटल्यावर हे लोक दिवे घालवून गप्प बसतात, पण ते मागच्या दाराने आत येतातच. आणि मग सिडनी सगळ्यांना पार्टीतला खेळ खेळायला लावतो, अंगावर कुठेतरी फळं धरून नाचायचं वगैरे, आणि वरून ओरडत राहतो, नाचा, नाचा! पडदा. मला दुसऱ्या अंकापेक्षा याचीच जास्त भीती वाटते, पण प्रश्न कायम दुसऱ्याबद्दलच येतात.

५. नावात ॲब्सर्ड आहे म्हणजे ते ॲब्सर्ड थिएटरवाल्यांपैकी का?

नाही. ॲब्सर्ड थिएटर म्हणजे जगण्याला अर्थ नाही असं धरून चालणारी नाटकं, त्याच्याशी याचा संबंध नाही. ते नाव त्याने दुसऱ्याच एका नाटकासाठी शोधलं होतं, ते नाटक लिहिलंच नाही, नाव आवडलं होतं म्हणून इथे लावलं. परीक्षेत यावर पानभर लिहू नका.

६. इतकं काळं कधीपासून लिहायला लागला?

जस्ट बिट्वीन अवरसेल्व्हज, १९७६. आधीची नाटकं उन्हाळ्यात सुट्टीला आलेल्या पब्लिकसाठी असायची, हे थंडीतल्या सीझनसाठी लिहिलं आणि त्याचा गारठा नाटकात उतरलाय.

डेनिस हा गॅरेजमध्ये सारखं काहीतरी ठोकत बसणारा, कायम हसतमुख माणूस. बायको व्हेरा हळूहळू खचत चाललीय, वर सासू मार्जोरी घरात, सुनेच्या प्रत्येक गोष्टीवर टोमणा. (सासू-सून आली म्हणजे आपल्या सिरियलसारखं असेल असं वाटून घेऊ नका, इथे कोणी कोणाच्या कानफटात मारत नाही, तेच भयानक आहे.) व्हेरा एकदा हिंमत करून डेनिसला सांगते की मला मदत हवीय. डेनिसला तिने कामांची यादी करून दिली तर बरं पडेल असं वाटतं.

मग सासूच्या वाढदिवसाचा सीन. गॅरेजमध्ये पार्टी आहे. व्हेराचा तोल जातो आणि ती इलेक्ट्रिक ड्रिल घेऊन सासूच्या मागे लागते, त्याच वेळी पाहुणी पॅम गाडीत अशी अडकलीय की हॉर्न वाजत राहतो, डेनिस तिला सोडवायच्या खटपटीत, आणि नेमका याच क्षणी पॅमचा नवरा नील मेणबत्त्या लावलेला केक घेऊन, रंगीत दिवे लावून, हॅपी बर्थडे म्हणत आत येतो. थिएटर कोसळतं हसून. पुढचा सीन जानेवारीतला. व्हेरा बागेत खुर्चीत बसलीय, अंगावर पांघरूण, बोलत नाही, हलत नाही, आणि सगळे तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलताहेत. आधीच्या पाच मिनिटांत पोट धरून हसलेलं पब्लिक इथे एकदम शांत होतं, आणि हे तो ठरवून करतो.

७. नॉर्मन कॉंक्वेस्ट्स तिन्ही बघावी लागतात का? आणि कुठल्या ऑर्डरने?

एक बघितलं तरी चालतं, तिन्ही पूर्ण आणि वेगवेगळी नाटकं आहेत, आणि ऑर्डर कुठलीही घ्या. १९७३ ची आहेत. टेबल मॅनर्स जेवणाच्या खोलीत, लिव्हिंग टुगेदर बैठकीच्या खोलीत, राउंड अँड राउंड द गार्डन बागेत. तोच वीकेंड, तेच घर, तीच सहा माणसं. म्हणजे एका नाटकात कोणी रागाने ताडकन उठून जेवणाच्या खोलीतून गेलं की ते दुसऱ्या नाटकात बैठकीत येऊन आदळतं. नॉर्मन हा लायब्ररीत असिस्टंट, त्याने मेहुणी ॲनीबरोबर गुपचूप वीकेंडला जायचं ठरवलंय, ते फिसकटतं आणि मग तो घरातल्या तिन्ही बायकांना, त्यात स्वतःची बायको पण आली, खूश करायच्या मागे लागतो. वरच्या मजल्यावर आजारी आई आहे, ती कधीच दिसत नाही.

लिहिताना त्याने एक नाटक संपवून दुसरं असं केलं नाही, आडवं लिहिलं, आधी तिघांचे पहिले प्रवेश, मग तिघांचे दुसरे. म्हणून जोड कुठे दिसत नाहीत. माझा सल्ला, टेबल मॅनर्स आधी आणि बाग शेवटी, पण वाद घालणारे घालतात.

एक आपल्या जवळचा धागा. १९७४ च्या लंडन प्रयोगात ॲनी होती फेलिसिटी केंडल. तिचं बालपण भारतात गेलं, वडील जेफ्री केंडल यांची शेक्सपियराना कंपनी गावोगाव फिरायची, आणि थोरली बहीण जेनिफर म्हणजे शशी कपूरची बायको, जुहूचं पृथ्वी थिएटर त्या दोघांनी उभं केलं. त्याच नटसंचात टॉम कोर्टनी नॉर्मन, पेनेलोपी कीथ सारा आणि मायकल गॅंबन तो जनावरांचा मठ्ठ डॉक्टर टॉम.

८. १६ शेवट असलेलं नाटक कुठलं? प्रेक्षक व्होटिंग करतात का?

इंटिमेट एक्स्चेंजेस, १९८२ ला सुरू झालं. व्होटिंग नाही, हा गैरसमज फार पसरलाय. सुरुवातीला सीलिया नावाची बाई बागेत येते आणि सिगरेट ओढायची का नाही एवढंच ठरवते. तिथून दोन फाटे. मग पाच दिवसांनी, पाच आठवड्यांनी, पाच वर्षांनी, प्रत्येक वेळी परत दोन, असे मिळून १६ शेवट. सगळी पात्रं एक नट आणि एक नटीच करतात. आज कुठला फाटा लागणार हे कंपनीने आधी ठरवलेलं असतं.

नाणेफेक असते ती सिस्टर्ली फीलिंग्जमध्ये (१९७९). तिथे स्टेजवर खरंच नाणं उडवतात आणि दोन बहिणींपैकी कोणाची गोष्ट पुढे जाणार ते ठरतं. पण गोची अशी की शेवटचा प्रवेश कसंही करून तोच येतो. नशिबाला वाव आहे असं दाखवायचं आणि मग फारसा नाही असं सांगायचं, अगदी त्याच्या स्वभावाला धरून.

९. हाउस आणि गार्डन ही एकाच वेळी दोन थिएटरमध्ये होतात म्हणजे कशी?

म्हणजे तशीच. १९९९. दोन नाटकं, दोन प्रेक्षागृहं, एकच नटसंच, एकाच वेळी सुरू. घरातून "बागेत जाऊन येतो" म्हणून निघालेला नट खरंच पळत जाऊन दुसऱ्या थिएटरमध्ये एंट्री घेतो. नॉर्मन कॉंक्वेस्ट्सचीच युक्ती (प्रश्न ७), पण तिथे वेगवेगळ्या रात्री असतात, इथे घड्याळ लावून. एकीकडे हशा जास्त वेळ चालला तर दुसरीकडे नट पोचत नाही, त्यामुळे खरे हीरो दोन्हीकडचे स्टेज मॅनेजर. २००० मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ऑलिव्हिये आणि लिटलटन या दोन सभागृहांत झालं. यातली ट्रिश नवऱ्यावर इतकी चिडलीय की तो खोलीत आहे हेच मान्य करत नाही, समोर उभा असला तरी आरपार बघते. एवढ्यासाठी तरी हाउस वाचा.

१०. स्कारबरोच्या थिएटरमध्ये चारी बाजूंनी प्रेक्षक असतात ना? मग दारं-भिंती कशा?

प्रेक्षक चारी बाजूंनी असतात, दारं-भिंतीच नसतात. स्टीफन जोसेफने १९५५ मध्ये गावातल्या पब्लिक लायब्ररीच्या पहिल्या मजल्यावर हे सुरू केलं, १९७६ ला कंपनी एका जुन्या शाळेच्या इमारतीत गेली, १९९६ पासून स्टेशनसमोरच्या जुन्या ओडियन सिनेमात आहे, नाव स्टीफन जोसेफ थिएटर. मुख्य सभागृह ४०४ खुर्च्यांचं.

भिंत नाही म्हणून सोफा, टेबल, गालिचा एवढ्यावर घर उभं करायचं. त्यामुळेच हाउ द अदर हाफ लव्ह्ज (१९६९) सारखी कल्पना सुचते, ज्यात एकाच जागेवर दोन घरांच्या बैठकी एकमेकींत मिसळून मांडल्यात आणि दोन वेगवेगळ्या रात्रींची जेवणं एकाच टेबलावर एकाच वेळी चालतात, मधलं पाहुणं जोडपं फिरत्या खुर्चीत बसून इकडून तिकडे वळतं. आपल्याकडे शिवाजी मंदिर किंवा बालगंधर्वला करायचं तर समोरून बघतानाही जमतं, लंडनला तसंच झालं. पण चारी बाजूंनी बघताना समोरच्या रांगेतले हसणारे चेहरे पण दिसतात, आणि ईव्हाच्या अंकात ते बघवत नाहीत.

११. रेडिओशी त्याचा काय संबंध? नट होता ना?

मोठा संबंध, लोक विसरतात. १९६४ मध्ये मिस्टर व्हॉटनॉट हे त्याचं नाटक लंडनमध्ये सपशेल आपटलं. त्यानंतर तो बीबीसीच्या लीड्स केंद्रात रेडिओ नाटकांचा प्रोड्युसर झाला, १९७० पर्यंत. तिथे आल्फ्रेड ब्रॅडली हा मोठा माणूस होता, उत्तर इंग्लंडमधल्या नवीन लेखकांना शोधून काढणारा. म्हणजे रिलेटिव्हली स्पीकिंग लंडनला गाजत होतं तेव्हा हा पगारी नोकर होता, दिवसभर दुसऱ्यांची स्क्रिप्टं वाचायची, कापायची, स्टुडिओत बसवायची.

न दिसणारी माणसं त्याच्या नाटकात इतकी का, हे मला या नोकरीतूनच कळतं. पॉटर जोडपं, नॉर्मनमधली वरची आई, ही सगळी आवाजाची नाहीतर नुसत्या उल्लेखाची पात्रं. पाच-सहा वर्षं नुसत्या कानावर नाटक चालवलेल्या माणसाला माहीत असतं की दाराआडचं हसणं दिसणाऱ्या नटापेक्षा जास्त काम करतं.

१२. त्याची स्टेजवरची नाटकं रेडिओवर चालतात का? काही कळतं का ऐकून?

बरीच झालीत बीबीसीवर. जिथे भांडण बोलण्यातलं आहे तिथे मस्त चालतात. ॲब्सेंट फ्रेंड्स (१९७४) घ्या, चहाचा एक प्रसंग, कॉलिनची होणारी बायको बुडून गेलीय म्हणून जुने मित्र सांत्वनाला जमतात, आणि कॉलिन एवढा सुखात की शेवटी सांत्वनाची गरज बाकीच्यांनाच पडते. हे डोळे मिटून ऐकायचंच नाटक आहे.

अडचण येते ती चित्रावर उभ्या नाटकांची. दोन बैठका एकात (प्रश्न १०) ऐकून कळणं कठीण. ईव्हा तर अंकभर बोलतच नाही, मग रेडिओवर ती आहे हे सांगायचं कसं? कागद फाटल्याचा आवाज, श्वास, खुर्ची सरकल्याचा आवाज, एवढंच हातात. आवाजवाला चांगला असेल तर उलट जास्त अंगावर येईल असं मला वाटतं.

आणि एक एकांकिका तर स्टेजवर असून रेडिओच्या डोक्याने लिहिलीय, कन्फ्यूजन्स या पाच एकांकिकांच्या संचातली (१९७४) बिट्वीन माउथफुल्स. हॉटेलात दोन टेबलं, दोन्हीकडे नवरा-बायकोची जुंपलीय, पण वेटर ज्या टेबलाजवळ असेल तेवढंच आपल्याला ऐकू येतं. तो सूप आणायला वळला की वाक्य अर्धवट राहतं.

१३. लॉकडाउनमध्ये त्याने आणि बायकोने घरी नाटक केलं ते खरं का?

खरं. २०२० मध्ये थिएटरं बंद होती, तेव्हा ॲनो डॉमिनो हे नवीन नाटक ऑडिओ म्हणून आलं, सगळी पात्रं त्याने आणि हेदर स्टोनीने वाटून घेतली, तरुण पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, आणि साउंड इफेक्ट त्यानेच केले. हेदर मूळची नटीच. तो स्वतः १९६४ नंतर व्यावसायिक नट म्हणून उभाच राहिला नव्हता. गोष्ट अशी की एक जुना, सगळ्यांनी आदर्श मानलेला संसार मोडतो आणि मग आजूबाजूचे एकेक करून पडायला लागतात. ठरावीक मुदतीसाठीच थिएटरच्या साइटवर होतं. त्याच वर्षी हॉंटिंग जुलिया (मूळ १९९४) पण ऑडिओत केलं, त्यातले तिन्ही पुरुष त्याचेच आवाज. गेलेल्या मुलीचा बाप, भूत आहे का अपराधीपणा, असा मामला. हेडफोन लावून रात्री ऐकू नका एवढंच सांगेन.

१४. वूमन इन माइंडमध्ये खरं काय आणि डोक्यातलं काय?

सुरुवातीला स्पष्ट आहे. सुझनच्या पायाखाली बागेतलं दाताळं येतं, दांडा उसळून कपाळावर आपटतो, शुद्धीवर येते तेव्हा तिच्याभोवती गोड नवरा, गोड मुलगी, शॅम्पेन, टेनिस. हे डोक्यातलं. खरा नवरा जेराल्ड हा पाद्री, गावच्या चर्चचा इतिहास लिहितोय, नणंद म्युरिएल असा स्वयंपाक करते की ऑम्लेटमध्ये चहापत्ती पडते, मुलगा एका पंथात गेलाय आणि आईबापाशी बोलत नाही.

पूर्ण नाटक आपण सुझनच्या डोक्यातून बघतो, तिला ऐकू येतं तेच आपल्याला. म्हणून डॉक्टर सुरुवातीला अगम्य बडबडतो आणि शेवटी सुझनचीच भाषा तशी होते. मध्यंतरानंतर दोन्ही घरं एकमेकांत शिरतात आणि गोड नवरा हळूहळू धमकावायला लागतो. तेव्हा शेवटी "खरं काय" विचारायचं नाही, कारण विचारणारी जागाच उरलेली नसते. १९८५ चं आहे.

१५. नेहमी मध्यमवर्गीयांची घरं आणि बागाच का? राजकारण काहीच नाही?

आहे, पण भाषण नाही. अ स्मॉल फॅमिली बिझनेस (१९८७, नॅशनल थिएटर) बघा. थॅचरबाईंचा काळ, जॅक नावाचा प्रामाणिक माणूस सासऱ्याची फर्निचर कंपनी हातात घेतो, एक कागद चोरणार नाही म्हणतो, आणि पोरीची दुकानातली किरकोळ चोरी दाबण्यापासून सुरू होऊन ड्रग्जच्या पैशापर्यंत पोचतो. प्रत्येक पायरी कुटुंबासाठी. शेवटी सगळे जेवणाच्या टेबलावर ग्लास उंचावतात आणि वर बाथरूममध्ये तीच पोरगी नशेत पडलीय. वे अपस्ट्रीमही तसंच, नदीवरच्या बोटीत हुकूमशाही कशी येते ते. ते १९८२ ला नॅशनलमध्ये खऱ्या पाण्याच्या टाकीत खरी बोट घालून केलं, टाकी गळली, आणि मग नाटकापेक्षा गळतीचीच चर्चा झाली.

१६. त्याच्या बायका कायम रडतात आणि कोलमडतात, हे जरा जास्त होत नाही का?

होतं कधीकधी, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ईव्हा तिसऱ्या अंकात सावरून नवऱ्यालाच चालवायला लागलेली असते, हे लोक विसरतात. आणि व्हेरा कोलमडते ते तिच्यात काही कमी आहे म्हणून नाही, हसतमुख नवऱ्यामुळे (प्रश्न ६). तरी ७० च्या दशकातले काही विनोद आज शिळे वाटतात.

१७. जो ऑर्टन, पिंटर यांच्यापेक्षा वेगळा कसा?

दोघंही त्याच काळातले ब्रिटिश नाटककार. ऑर्टनची माणसं बिनदिक्कत नालायक असतात आणि त्याची मजा घेतात. पिंटरकडे धमकी असते पण कारण सांगत नाहीत. एकबॉर्नकडे धमकी नाही, कारण अगदी साधं, आणि परिणाम तेवढाच वाईट. पिंटरशी प्रत्यक्ष गाठ पडलीय: १९५९ मध्ये पिंटरने द बर्थडे पार्टी स्कारबरोच्या कंपनीबरोबर स्वतः बसवलं तेव्हा त्यातल्या स्टॅन्लीचं काम करत होता एकबॉर्न. हा स्टॅन्ली कुठून आला, त्याची पार्श्वभूमी काय, असं त्याने विचारलं तर पिंटरने उडवून लावलं, कागदावर आहे तेवढं कर.

१८. सिनेमे आहेत का?

सगळ्यात चांगले फ्रेंचमध्ये, ॲलन रेने या दिग्दर्शकाचे. स्मोकिंग आणि नो स्मोकिंग (१९९३, प्रश्न ८ मधलं नाटक), कर (Cœurs, २००६, प्रायव्हेट फिअर्स इन पब्लिक प्लेसेस वरून), आणि २०१४ चा त्याचा शेवटचा सिनेमा लाइफ ऑफ रायली वरून. नॉर्मनची १९७७ ची टीव्ही आवृत्ती टॉम कॉंटीसाठी बघा.

१९. मराठीत रूपांतर करायचंय, परवानगी लागते का? "आधारित" लिहिलं तर?

लागते. "आधारित", "प्रेरित", "स्वैर" काहीही लिहा, लेखक हयात आहे आणि कॉपीराइट चालू आहे. भारतीय कायद्यात हौशी संस्थेने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला सूट आहे हे बरोबर, पण ती प्रयोगाला. भाषांतर-रूपांतराचा हक्क वेगळा. इंग्रजीतले हौशी प्रयोग बहुतेक कॉनकॉर्ड थिएट्रिकल्सकडे (जुनं सॅम्युअल फ्रेंच), भाषांतरासाठी एजंट कॅसारोटो रॅम्से यांना विचारावं. आधी पत्र, मग वाचन, मग नटसंच. लोक उलट करतात.

रूपांतर म्हणून सांगायचं तर ॲब्सर्ड पर्सन आपल्याकडे सहज येतं. ख्रिसमसच्या जागी दिवाळीचा फराळ, दुकानदाराचा बिल्डर झालेला तर आपण सगळ्यांनीच बघितलाय. दुकानदार, आर्किटेक्ट, बँक मॅनेजर ही उतरंड मात्र सांभाळा, ती गेली तर तिसऱ्या अंकातलं नाचणं नुसतं खेळ वाटेल.

२०. परवानगी मिळाली तर फक्त तो दुसरा अंक एकांकिका म्हणून स्पर्धेत करू का?

नको. हक्कवाले असा तुकडा करू देतील याची खात्री नाही हे एक, आणि पहिल्या अंकात ईव्हा-जेन-सिडनी भेटलेले नसतील तर प्रेक्षकाला ओव्हन घासणारी बाई नुसती बिनडोक वाटते, पहिल्या अंकातलं तिचं पुसणं माहीत असेल तरच ती कळते.

एकांकिकाच हवी तर कन्फ्यूजन्समधल्या पाच आहेत, सुट्या करता येतात. बिट्वीन माउथफुल्स वर सांगितली (प्रश्न १२), तिला वेटर चांगला लागतो, बाकी जमतं. गॉसफर्थ्स फेट ही गावच्या जत्रेची, एका मुलीचं अगदी खाजगी बोलणं चालू माइकवरून सगळ्या मैदानाला ऐकू जातं, पुढे पाऊस, कोसळणारा मंडप, चहाचं भांडं, सगळंच. धमाल आहे पण सेट आणि साउंडवाला दमतो. अ टॉक इन द पार्कला काही बाकं आणि पाच माणसं पुरतात, प्रत्येक जण उठून दुसऱ्याच्या बाकावर जातो आणि त्याला आपलं रडगाणं ऐकवतो, ऐकणारा कंटाळून पुढच्या बाकावर. नवीन मुलांचा ग्रुप असेल तर हीच घ्या, पाठांतर सारखं वाटलं जातं आणि कोणाला रोल लहान मिळाला म्हणून भांडण होत नाही.